केळवणाचा लाल चहा : प्रकल्प नोंदी

रविवार, ६ एप्रिल

सकाळी ताईचा फोन. भाचीचं लग्न २५ मेला नाशिकला, आणि आजोळचं केळवण आमच्या घरी, ठाण्यात नौपाड्याला, रविवारी १८ मेला दुपारी. माणसं चोवीस. स्वयंपाकाचा बेत हिने, म्हणजे बायकोने, फोन ठेवायच्या आत ठरवला: श्रीखंड-पुरी, मसालेभात, अळूवडी, बटाट्याची भाजी. पेय माझ्याकडे आलं. पन्हं, कोकम, सोलकढी हे तिन्ही आमच्याकडे चांगलं होतं, त्यामुळे काळजी नव्हती. तरी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मामा, काहीही कर. ऐरोलीहून घरी येताना मी तो लाल आईस टी पिते ना, तोच मला सगळ्यात आवडतो, पण तो काही घरी होत नाही."

तो घरी करायचा. सहा आठवडे हातात आहेत. कारखान्यात तीस वर्षं बॅचच्या नोंदी लिहिल्या, तशाच इथे लिहितो. वजन, वेळ, पाणी, निकाल. चुकलेलंही लिहायचं, नाहीतर तेच पुन्हा चुकतं.

शनिवार, १२ एप्रिल

हायवेलगतच्या मॉलमध्ये भाचीबरोबर गेलो. दोन ग्लास घेतले, सहाशेच्या वर गेले. पैसे वसूल करायचे म्हणून मी काउंटरसमोर उभा राहून नीट पाहिलं. मुलाने थंडगार लाल चहा शेकरमध्ये ओतला. शेकरवर रेघा आखलेल्या होत्या, पहिल्या रेघेपर्यंत चहा, पुढच्या रेघेपर्यंत दुसरं काहीतरी, मग पंपाने पाक, वर भरपूर बर्फ. झाकण लावून दहा-बारा वेळा जोरात हलवलं आणि सगळं बर्फासकट ग्लासात.

ग्लास उजेडाकडे धरला. पलीकडचं माझं बोट स्वच्छ दिसत होतं. वर बोटाच्या पेरापेक्षा कमी, गुलाबी फेस. जिभेवर आधी आंबट, मग फळाचा वास नाकात, गोडवा सगळ्यात शेवटी. घोट गिळल्यावर तोंड कोरडं पडत नाही, चिकटही होत नाही. फळाचा गर कुठेच नाही. म्हणजे यात फळ दिसत नाही, त्याचा वासच असतो. पाटीवर लिहिलं होतं: हिबिस्कस, लेमनग्रास, फळांचा रस. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा, तो आमच्या गॅलरीत कुंडीत आहे. हिबिस्कस म्हणजे जास्वंद, तीही आहे. अर्धं काम झालं असं वाटलं.

रविवार, १३ एप्रिल. प्रयोग १

घरातली रोजची चहा पावडर, १० ग्रॅम, एक लिटर पाण्यात तीन मिनिटं उकळली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा मोसम संपत आला आहे, जांभळी नाक्यावर शेवटच्या दोन पेट्या होत्या, त्यातली एक आणली. मिक्सरमधून काढून गाळली, साखर घालून चहात मिसळली. फ्रिजमध्ये चार तास.

निकाल: पहिल्या पावसात मासुंदा तलाव जसा दिसतो तसा रंग. गढूळ तपकिरी, तळाशी लगदा, वर तरंगणारे बारीक कण. चव कडसर, आणि स्ट्रॉबेरी कुठे आहे ते शोधावं लागत होतं.

दोन गढूळपणे एकात एक मिसळले आहेत, ते वेगळे करायला हवेत. स्ट्रॉबेरीचा मला समजतो. फळ वाटलं की पेशी फुटून पेक्टिन, म्हणजे फळातलं चिकट द्रव्य, आणि गर सगळाच बाहेर येतो. चहाचा वेगळा आहे. गरम असताना चहा स्वच्छ होता, थंड झाल्यावर गढुळला. चहातली तुरट पॉलिफेनॉल्स आणि कॅफीन गरम पाण्यात सुटी असतात. थंडीत एकमेकांना धरून बारीक कण बनवतात आणि पाणी दुधाळ दिसतं. खात्री करायला अर्धा कप पुन्हा गरम केला, तो लगेच स्वच्छ झाला. म्हणजे चहा खराब नव्हता, फार कडक काढला होता. आपली दाणेदार सीटीसी पावडर दुधाच्या चहासाठी बनवलेली: पानं चिरडून, फाडून, गोळ्या केलेली, म्हणून दोन मिनिटांत सगळा अर्क सोडते. दुधात तो अर्क हवाच. इथे तोच आड येतो.

बुधवार, १६ एप्रिल. प्रयोग २

ऑफिसातून आल्यावर. चहा उकळायचा नाही. गरम पाणी ओतून चार मिनिटं ठेवायचा आणि थेट बर्फावर गाळायचा, म्हणजे हळूहळू थंड होताना जो गढूळपणा येतो तो येणार नाही, असा विचार.

गढूळपणा कमी झाला. पण चहा पाणचट. पेल्यात भरलेला बर्फ बघता बघता गेला. तेव्हा पेन घेऊन बसलो. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. अर्धा लिटर चहा ८५ अंशांवरून ५ अंशांवर आणायचा तर ५०० गुणिले ८०, म्हणजे ४०,००० कॅलरी काढून घ्यायच्या. बर्फाचा प्रत्येक ग्रॅम वितळताना ८० आणि पुढे ५ अंशांपर्यंत यायला ५, असे ८५ घेणार. भागाकार केला की ४७० ग्रॅम. अर्ध्या लिटर चहात जवळजवळ अर्धा लिटर पाणी आपण स्वतःच ओततो! या पद्धतीने करायचा तर चहा दुप्पट कडक काढावा लागेल, आणि केळवणाला इतका बर्फ आणायचा कुठून? म्हणून चहा आधीच फ्रिजमध्ये गार हवा. बर्फ फक्त शेवटच्या चार-पाच अंशांसाठी.

शनिवार, १९ एप्रिल. प्रयोग ३

जांभळी नाक्याजवळ सुटा चहा विकणाऱ्या दुकानदारांशी अर्धा तास बोललो. त्यांना म्हटलं, दूध नाही, साखर कमी, थंड प्यायचा. त्यांनी दाणेदार डबे बाजूला सारले आणि निलगिरीचा लांब पानाचा चहा काढला. थंड केल्यावर हा गढूळ होत नाही म्हणून आईस टीला हाच घेतात, म्हणाले. हातावर घेतला तर पान काळं, वळलेलं, काडीसारखं. चिमटीत मोडलं तर कट्‌ आवाज. वास फुलाकडे झुकणारा. १०० ग्रॅम घेतला.

१० ग्रॅम पान, एक लिटर फिल्टरचं थंड पाणी, काचेची बरणी, फ्रिजमध्ये रात्रभर. गॅस पेटवलाच नाही.

रविवार, २० एप्रिल

सकाळी सात वाजता, म्हणजे दहा तासांनी गाळला. मधासारखा रंग. बरणीमागे वर्तमानपत्र धरलं तर बातमी वाचता आली. थंड पाणी पानातला सुगंध आणि गोडसरपणा काढतं पण तुरट अर्क आणि कॅफीन कमी उचलतं, त्यामुळे गढुळायला त्यात फारसं काही उरतच नाही. ही म्हणाली, "हा नुसताच पिता येईल." ती चहाच्या बाबतीत सहज काही म्हणत नाही.

एक तपासणी राहिली होती, पाण्याची. गेल्या महिन्यात पाणीकपातीत सोसायटीने दोन दिवस बोअरचं पाणी सोडलं होतं तेव्हा चहावर साय आल्यासारखा पातळ पापुद्रा धरत होता. आज खाली गाड्या धुवायच्या नळाचं बोअरचं पाणी आणून उकळलं, आणि तोच निलगिरी चहा त्यात काढला. शेजारी आपल्या पिण्याच्या नळाचं पाणी, तसंच उकळून. बोअरच्या पाण्यातल्या चहाचा रंग विटकरी, वर पापुद्रा, चमच्याने ढकलला की फाटणारा. जड पाण्यातलं कॅल्शियम चहाच्या तुरट द्रव्यांना धरून हा पापुद्रा करतं. नळाच्या पाण्यातला चहा स्वच्छ. केळवणाच्या आदल्या दिवशी टँकर किंवा बोअर आलं तर? म्हणून चहाचं पाणी शुक्रवारीच भरून ठेवायचं. हे लाल शाईने लिहिलं.

शनिवार, २६ एप्रिल. प्रयोग ४

आज लाल रंग. गॅलरीतली जास्वंदीची सहा फुलं, पाकळ्या सोडवून, गरम पाण्यात. पाकळ्या पांढऱ्या पडल्या आणि पाणी जांभळट झालं. लिंबू पिळलं तर क्षणात गुलाबी. दिसायला फार सुंदर. चव मात्र जवळजवळ नाहीच, भेंडीच्या पाण्यासारखा किंचित बुळबुळीतपणा. दुकानातला तो आंबटपणा कुठे गेला?

आई मागे खुर्चीवर बसून भाजी निवडत होती. तिला दुकानातल्या चहाचं सगळं वर्णन केलं होतं. ती म्हणाली, "अरे, ही जास्वंद नव्हेच. लाल अन् आंबट म्हणतोस ना, ती अंबाडीची बोंडं."

आईचं माहेर अकोल्याजवळचं. कापसाच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लाल अंबाडीची ओळ असायची. पावसाळ्यात पाल्याची भाजी, थंडीत बोंडं. फूल गळून गेल्यावर भोवतीची पाकळ्यांसारखी लाल निदलं मांसल होतात, ती सोलून चटणी करायची, वाळवून डब्यात भरायची, उन्हाळ्यात भिजवून गूळ घालून सरबत. मी अंबाडीची भाजी आयुष्यभर खाल्ली, बोंडं कधी पाहिली नाहीत. ठाण्यात ती बाजारात क्वचितच दिसतात. पुस्तकात पाहिलं. अंबाडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या, दोघींचंही शास्त्रीय नाव हिबिस्कसनेच सुरू होतं. पाटीवर जे हिबिस्कस होतं ते हिबिस्कस सबडरिफा, आपली लाल अंबाडी.

आईने लगेच अकोल्याला मामेभावाला फोन लावला. वाळवलेली बोंडं आहेत. पाठवतोय.

गुरुवार, १ मे. प्रयोग ५

पार्सल कालच आलं. कापडी पिशवीत अर्धा किलो. बोंडं वाळून काळपट लाल झालेली, हातात चामड्यासारखी, टोकं टोचणारी. पिशवी उघडताच चिंच आणि मनुका एकत्र ठेवल्यासारखा वास. आईने एक तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळत बसली. काही बोलली नाही.

आज सुट्टी, त्यामुळे दिवसभर काम केलं. चहा थंड पाण्यात काढला तशी बोंडंही काढावीत का? चहाची पत्ती कारखान्यात गरम हवेने वाळवलेली असते. बोंडं गच्चीवर, धुळीत, पाखरांच्या येण्याजाण्यात वाळतात. चोवीस पाहुणे, त्यात दोन लहान मुलं. म्हणून आधी दोन पाण्यांनी धुऊन, मग कडकडीत गरम पाणी ओतून झाकून ठेवायची. उकळायची मात्र नाहीत. पाच मिनिटं उकळलेला नमुना मुरांब्यासारखा शिजका लागला आणि शेवटी तुरट झाला. १५ ग्रॅमला एक लिटर, दहा मिनिटं झाकून, हे बरोबर आलं. दहाव्या मिनिटाला गाळलं तेव्हा गडद माणकाचा रंग, आणि जिभेच्या कडांना आंबट झिणझिणी. हीच ती दुकानातली पहिली चव.

गवती चहाची पाच पानं गाठ मारून त्याच पाण्यात, बोंडांबरोबर. त्याचा लिंबासारखा वास सिट्रालचा, तो वाफेबरोबर उडतो, म्हणून झाकण हवंच. झाकण उघडलेल्या आणि झाकलेल्या दोन भांड्यांतला फरक हिने डोळे मिटून ओळखला.

भांड्याबद्दल आईने बजावलं: ॲल्युमिनियम नको, कल्हई नसलेलं पितळ नको, आंबटाला स्टील किंवा काच. बरोबरच आहे.

एक गोष्ट कुतूहल म्हणून केली. अमेरिकेच्या दक्षिणेत आईस टीचा कडवटपणा मारायला चिमूटभर खायचा सोडा घालतात. अर्ध्या वाटी अंबाडीत घातला. लाल पाणी आधी वांगी झालं, मग निळसर, मग राखेसारखं करडं. लिंबू पिळल्यावर पुन्हा लाल. बोंडांतली रंगद्रव्यं अँथोसायनिन जातीची, आंबटात लाल आणि सोड्यात निळी. मुलांना हे दाखवायचं केळवणाला, शाळेत लिटमसने जे दाखवतात ते घरच्या वाटीत.

शेवटी मिश्रण: दोन भाग अंबाडी, एक भाग निलगिरी. नुसती अंबाडी सरबताकडे जाते. थोडा चहा आला की घोटाला पाया येतो. आईसाठी मात्र नुसती अंबाडी ठेवणार. तिला दुपारनंतर चहा घेतला तर रात्री झोप येत नाही, आणि अंबाडीत कॅफीन नाही.

रविवार, ४ मे. फळ

स्ट्रॉबेरी संपली. बाजारात जे आहे त्यातून निवडायचं.

हापूस: नको. कितीही गाळला तरी गर खाली बसतो, लालात केशरी गेल्यावर विटेचा रंग होतो, आणि हापूस असा वाया घालवणं मनाला पटत नाही. तो श्रीखंडात जाईल.

करवंदं: येऊरच्या बायका स्टेशनजवळ पानाच्या द्रोणात विकतात, त्यांच्याकडून दोन द्रोण घेतले. पिकलेली काळी करवंदं रंगाला आणि चवीला या चहात शोभली असती. पण चीक! अख्खी तरंगायला सोडली तर अर्ध्या तासात ग्लासाच्या कडेला पांढरट चिकट रेघ आली, ओठांनाही लागली. खायला ठेवू, चहात नाही.

अननस: हेच. वर्षभर मिळतो, वास दांडगा, रंग जवळजवळ नाही. शिवाय वाटायची गरज नाही. अर्धा किलो बारीक फोडी, ३०० ग्रॅम साखर, काचेच्या बरणीत एक थर याचा एक थर तिचा. मुरांबा मुरवतो तसं, पण गॅसशिवाय. साखर फोडींतलं पाणी बाहेर ओढते, त्या पाण्याबरोबर वास येतो, आणि गर फोडीतच राहतो. त्यामुळे पाक स्वच्छ. पहिली बरणी गुरुवारी रात्री ओट्यावर राहिली. मी फ्रिजमध्ये ठेवायला विसरलो. शनिवारी सकाळपर्यंत फोडी वर आल्या होत्या, कडेने बुडबुडे, आणि झाकण उघडताना फस्स. आंबून गेलं. ठाण्याच्या मे महिन्यात रात्रीसुद्धा स्वयंपाकघर तिशीच्या खाली जात नाही, यीस्टला आणखी काय हवं! अर्धा किलो अननस टाकला, वाईट वाटलं. दुसरी बरणी काल सकाळीच फ्रिजमध्ये, चोवीस तास, मधे तीनदा हलवली. आज मलमलीतून गाळून ४२० मिली पाक, किंचित पिवळट, वासाने घर भरलं. मलमल पिळायची नाही, पिळली की गढुळतो.

पाकच का, ग्लासात साखर का नाही, असं हिने विचारलं. थंड पाण्यात साखर लवकर विरघळत नाही, तळाशी बसते. आईस टी १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात जन्मला असं सांगतात, पण १८७९ साली छापलेल्या, व्हर्जिनियातल्या पाककृतींच्या पुस्तकात तो आहे: सकाळी चहा काढून ठेवायचा, रात्रीच्या जेवणाला बर्फावर ओतायचा, आणि पेल्यात दोन चमचे साखर. म्हणजे त्यांना ढवळत बसावं लागत असणार.

रविवार, ११ मे. चाखणी

ताई आणि भाची आल्या. एका ग्लासाचं माप: गार चहा १५० मिली, अननसाचा पाक २५ मिली, लिंबू पाव चमचा, बर्फ १२० ग्रॅम. मुलाच्या प्रोटीन शेकरमध्ये पंधरा वेळा हलवलं.

इथे बर्फाचं वजन केलं, हलवण्याआधी आणि नंतर. थेट फ्रीझरमधला कोरडा बर्फ १२ ग्रॅम वितळला. मुद्दाम दहा मिनिटं बाहेर ठेवलेला, ओला, चकाकणारा बर्फ ३१ ग्रॅम. फ्रीझरचा बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, तो वितळण्याआधी स्वतः तापण्यातच बरीच उष्णता घेतो. ओला बर्फ शून्यावर येऊन ठेपलेलाच असतो. केळवणाला विकतचा बर्फ लागणार, आणि तो ओलाच असणार. म्हणून अंबाडी १५ ऐवजी १८ ग्रॅम लिटरला.

हलवणं ही शोभा नाही. चमच्याने ढवळलेला आणि शेकरमधला असे दोन ग्लास शेजारी ठेवले. शेकरच्या ग्लासावर गुलाबी फेस आला, आणि फेसातून अननसाचा वास ग्लास तोंडाशी नेण्याआधीच पोचला. ढवळलेल्यात तो शोधावा लागला.

भाचीने पहिला घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला. "मामा, तिथल्यापेक्षा आंबट आहे." मी पाक वाढवायला निघालो तर म्हणाली, "नको नको. असाच ठेव. तिथला प्यायल्यावर मला पाणी प्यावं लागतं." ताईने मात्र खरी दुरुस्ती सुचवली: चिमूटभर मीठ. लिटरला दोन चिमटी साधं मीठ घातलं आणि तुरटपणाची शेवटची कड गेली. आईला काळं मीठ हवं होतं. तिच्या नमुन्यात घातलं; तिला आवडलं, पण तो मग सरबतच झाला.

शुक्रवार, १६ मे ते शनिवार, १७ मे. तयारी

चोवीस माणसं, माणशी दीड ग्लास, छत्तीस ग्लास. चहा साडेपाच लिटर, धरले सहा. अंबाडी चार लिटर, बोंडं ७२ ग्रॅम. निलगिरी दोन लिटर, २० ग्रॅम. पाक ९०० मिली, त्यासाठी एक किलोवर थोड्या फोडी आणि ६५० ग्रॅम साखर. साखरेतली काही फोडींत राहते, म्हणजे ग्लासाला पंधरा ग्रॅमच्या आसपास. फोडी फेकायच्या नाहीत, शिऱ्यात जातील.

शुक्रवारी पाणी भरून ठेवलं. शनिवारी दुपारी खरंच टँकर आला.

फ्रिजमध्ये श्रीखंडाने दोन कप्पे घेतलेले. सहा लिटर कुठे ठेवायचे? शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये चार लिटर गेले. बर्फ दहा किलो उद्या सकाळी, खाण्याचा, पिशवीबंद. मासळीवाल्यांच्या गाड्यांवरचा निळसर बर्फ खाण्याचा नसतो, तो ओळखू यावा म्हणूनच २०१८ पासून त्याला निळा रंग घालायचा नियम आहे. थर्मोकोलचा डबा वरच्या मजल्यावरून मिळाला.

रविवार, १८ मे. केळवण

सकाळी साडेअकराला दोन्ही चहा एकत्र केले. दोन शेकर, एक माझ्या हातात, एक मुलाच्या. एका शेकरमध्ये दोन ग्लास होतात हे कालच मोजून ठेवलं होतं, त्यामुळे अठरा वेळा हलवणं. विसाव्या ग्लासाच्या सुमारास माझी बोटं बधिर झाली, टॉवेल गुंडाळून पुढे केलं.

भाचीचं औक्षण झालं, पाटावर बसली, ताटाभोवती रांगोळी. तिला काहीच सांगितलं नव्हतं की आज तोच आहे. चाखणीनंतर मी म्हटलं होतं, बघू, जमलं तर. चांदीच्या फुलपात्राऐवजी ताटाशेजारी लाल ग्लास दिसला तेव्हा तिने आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आजी म्हणाली, "माझ्या माहेरची अंबाडी आहे हो ती." मग जेवण होईपर्यंत आई सगळ्यांना धुऱ्यावरच्या अंबाडीचं सांगत होती आणि मुलं वाटीत सोडा-लिंबाचा रंग बदलत बसली होती.

एकतीस ग्लास गेले. शेवटचे चार थोडे पाणचट झाले, डब्यातला बर्फ तोवर पाण्यात पोहत होता. डब्याला खाली जाळी हवी होती, पाणी निथळायला.

मंगळवार, २० मे

भाचीचा निरोप: "मामा, मला लिहून दे. पण ग्रॅममध्ये नको, माझ्याकडे काटा नाही." काल रात्री वाट्या-चमचे मोजत बसलो. आमच्याच घरातली आमटीची वाटी धरली आहे, तशीच एक तिच्या सामानात ठेवायला हिला सांगितलं.

चार ग्लासांना. अंबाडीची बोंडं, सैल भरून, दाबायची नाहीत, एक वाटी. दोन पाण्यांनी धू. तीन वाट्या कडकडीत पाणी ओत, गवती चहाच्या तीन पानांची गाठ टाक, झाकण ठेव, दहा मिनिटं. गाळून घे, गार होऊ दे, मग फ्रिजमध्ये. निलगिरी चहा एक मोठा चमचा, दीड वाटी थंड पाण्यात, आदल्या रात्री, फ्रिजमध्येच. अननसाच्या दोन वाट्या फोडींना एक वाटी साखर, एक दिवस, तोही फ्रिजमध्ये. ओट्यावर विसरू नकोस. पाक ग्लासाला पाच छोटे चमचे. सगळ्या चहाला मिळून चिमूटभर मीठ. हलवायला घट्ट झाकणाचा कोणताही डबा चालेल, फक्त बर्फ फ्रीझरमधून काढल्या काढल्या वापर.

नाशिकच्या घरचं पाणी मला माहीत नाही. पहिल्या दिवशी नुसता काळा चहा करून पाच मिनिटं ठेवून बघ. वर पापुद्रा धरला तर फिल्टरचं घे. बोंडांची पिशवी आजीने तुझ्या बॅगेत, साड्यांच्या खाली ठेवली आहे. डबा काचेचा लागेल, तो मी रविवारी येताना आणतो.